प्लेटलेट कमी का झाल्या? किरणोत्सारी खुणेनं घेतलेला शोध

सीबीसीच्या रिपोर्टवर ‘प्लेटलेट ४०,०००’ असं छापून आलं की पुढची सगळी धावपळ त्या एका आकड्याभोवती फिरते. पावसाळा सरता सरता नागपुरात डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा तर हा आकडा घराघरांत सकाळ-संध्याकाळ विचारला जातो. पण तो सांगतो एवढंच, की या घडीला रक्तात दर मायक्रोलिटरमागे इतक्या प्लेटलेट फिरताहेत. त्या कमी का आहेत, हे त्यात नसतं. डेंग्यूत कारण ठाऊक असतं, आणि ताप उतरल्यावर काही दिवसांत आकडा आपोआप चढतो. मात्र ज्याच्या प्लेटलेट महिनोन्महिने कमी राहतात, त्याचे उपचार कारण कळल्याशिवाय ठरत नाहीत.

कारणं मुळात तीनच प्रकारची. गणेशपेठच्या स्टँडवर एसटी गाड्या कमी दिसू लागल्या, तर एक म्हणजे नव्या गाड्या येत नाहीत, नाहीतर असलेल्या गाड्या डेपोत उभ्या आहेत, नाहीतर धावणाऱ्या गाड्या लवकर भंगारात निघताहेत. प्लेटलेटचंही तसंच: अस्थिमज्जा पुरेशा बनवत नाही, किंवा वाढलेली प्लीहा, म्हणजे पांथरी, त्या अडवून ठेवते, किंवा बनलेल्या प्लेटलेट वेळेआधी मारल्या जातात. बोन मॅरो तपासणीत प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी दिसतात, पण त्या दिवसाला किती माल बाहेर पाठवतात ते दिसत नाही. सोनोग्राफीत प्लीहेची लांबी मोजता येते, पण तिच्यात किती प्लेटलेट अडकल्या आहेत ते कळत नाही. ते कळायचं तर काही प्लेटलेट बाहेर काढायच्या, त्यांना खूण लावायची, परत शरीरात सोडायच्या आणि त्यांच्या मागावर राहायचं. ही खूण किरणोत्सारी असते, कारण शरीराबाहेर ठेवलेल्या यंत्राला ती त्वचेआडूनही ‘दिसते’.

आधी निरोगी माणसाचे आकडे पाहू. प्लेटलेट ही दोन-तीन मायक्रॉनची, केंद्रक नसलेली चपटी चकती. रक्तात तिचं प्रमाण दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख. आयुष्य आठ ते दहा दिवस. शरीर रोज सुमारे १०० अब्ज नव्या प्लेटलेट बनवतं. शरीरातल्या एकूण प्लेटलेटपैकी साधारण एक तृतीयांश कोणत्याही क्षणी प्लीहेत असतात. त्या तिथे कायमच्या साठलेल्या नसतात; प्रत्येक प्लेटलेट प्लीहेत शिरते, सुमारे दहा मिनिटं रेंगाळते आणि पुन्हा रक्तात येते. हे ये-जा करण्याचं गणित खूण लावलेल्या प्लेटलेटमुळेच मांडता आलं.

खूण कशाची?

१९५५ मध्ये माणसाच्या प्लेटलेटचं आयुष्य मोजायला किरणोत्सारी फॉस्फरस असलेलं संयुग वापरलं गेलं. १९५८ मध्ये आस आणि गार्डनर यांनी क्रोमियम-५१ वापरलं, आणि पुढची वीसेक वर्षं तीच रूढ पद्धत राहिली. क्रोमियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, २७.७ दिवस, त्यामुळे दहा दिवसांच्या मोजणीला वेळ भरपूर. अडचण दुसरीकडे होती. प्लेटलेट त्याला फारसं आत घेत नाहीत, त्यामुळे एका तपासणीसाठी रक्तदानाच्या पिशवीएवढं रक्त लागे. शिवाय क्रोमियमच्या शंभर विघटनांपैकी जेमतेम नऊ-दहांतून गॅमा किरण निघतो, म्हणून गॅमा कॅमेऱ्याखाली चांगलं चित्रही मिळत नसे. ज्याच्या प्लेटलेट १५-२० हजार आहेत, म्हणजे ज्याला ही तपासणी सर्वांत जास्त हवी, त्याच्याच रक्तातून पुरेसा माल निघत नसे. मग दात्याच्या प्लेटलेट वापरल्या जात. यातून एक मोठी गफलत झाली, ती पुढे येईल.

१९७६ मध्ये ठाकूर, वेल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियम-१११ ने प्लेटलेटला खूण लावण्याची पद्धत मांडली. इंडियम-१११ चं अर्धायुष्य ६७ तास, म्हणजे २.८ दिवस. त्याचे १७१ आणि २४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन्ही गॅमा किरण जवळपास प्रत्येक विघटनात निघतात, आणि गॅमा कॅमेरा ते सहज टिपतो. नुसतं इंडियम पेशीच्या पडद्यातून आत जात नाही. म्हणून ते ऑक्झिन नावाच्या रेणूला बांधतात. एका इंडियमभोवती तीन ऑक्झिन चिकटले की तयार होणारं संयुग विद्युतभाररहित आणि मेदात विरघळणारं असतं, त्यामुळे ते पडदा ओलांडून आत शिरतं. आत इंडियम पेशीतल्या प्रथिनांना घट्ट धरतं आणि मोकळं झालेलं ऑक्झिन बाहेर निघून जातं. पडद्यातून शिरायचं ही युक्ती कुठल्याही पेशीवर चालते. इंडियम-ऑक्झिनला प्लेटलेट ओळखता येत नाही. लाल पेशी समोर आली तर ते तिच्यातही शिरेल. प्रयोगशाळेतली निम्मी काळजी याचसाठी घ्यावी लागते.

टेक्नेशियम-९९एम तर प्रत्येक न्यूक्लिअर मेडिसिन विभागात रोज लागणारं, ‘जनरेटर’ नावाच्या उपकरणातून जागेवर मिळणारं किरणोत्सारी द्रव्य. मग ते का नाही? त्याचं अर्धायुष्य सहा तास. प्लेटलेट पहिल्या काही तासांत कुठे जमा होतात याचं चित्र त्यातून मिळू शकतं; नऊ दिवसांचं आयुष्य मोजायला ते कामाचं नाही.

प्रयोगशाळेतलं काम

रुग्णाच्या शिरेतून १९ गेजच्या सुईनं ४३ मिलि रक्त घेतात. ६० मिलिच्या प्लॅस्टिक सिरिंजमध्ये आधीच ७ मिलि एसीडी, म्हणजे रक्त गोठू न देणारं सायट्रेट आणि डेक्स्ट्रोजचं आम्लधर्मी द्रावण भरलेलं असतं. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए इथे चालत नाही. त्यानं प्लेटलेटला इजा होते आणि परत सोडल्यावर शरीर त्यांना लगेच काढून टाकतं. काचेलाही प्लेटलेट चिकटतात, म्हणून सगळी भांडी प्लॅस्टिकची. सुई एका फटक्यात शिरेत गेली पाहिजे. दोनदा टोचून, शीर चाळवून घेतलेल्या रक्तात गोठण्याची क्रिया आधीच सुरू झालेली असते आणि त्यातल्या प्लेटलेट पुढे गुठळ्या करतात.

मग पहिलं सेंट्रिफ्यूज, हलकं: १५० ते २०० जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोर), साधारण १५ मिनिटं. लाल पेशी खाली बसतात, वर प्लेटलेटनी भरलेला पिवळसर प्लाझ्मा राहतो. तो वरचेवर उचलायचा, आणि लाल थरापासून सेंटिमीटरभर वरच थांबायचं. शेवटचे दोन-तीन मिलि मिळवण्याचा मोह झाला की लाल आणि पांढऱ्या पेशी सोबत येतात. त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, आठवड्यानंतर दिसतो. लाल पेशी १२० दिवस जगतात. त्यांच्यात इंडियम गेलं असेल तर आलेखाची शेपूट शून्याला टेकतच नाही, सपाट होऊन वर तरंगत राहते, आणि प्लेटलेटचं आयुष्य खोटंच वाढलेलं दिसतं.

उचललेल्या प्लाझ्मात आणखी एसीडी घालून पीएच ६.५ च्या आसपास आणतात. या आम्लतेत प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत. मग दुसरं सेंट्रिफ्यूज, जोरकस: ६४० ते १,००० जी, दहा-पंधरा मिनिटं. तळाशी प्लेटलेटची गोळी बसते. वरचा प्लाझ्मा काढून बाजूला ठेवायचा. तो फेकायचा नाही, पुढे लागणार आहे. गोळीवर एसीडी मिसळलेलं सलाइन थोडंसं घालून ट्यूब बोटांनी हळूच टिचकत प्लेटलेट सुट्या करायच्या. ट्यूब जोरात ढवळणारं व्होर्टेक्स यंत्र अजिबात नाही.

इथे एक साधी परीक्षा आहे, तिला कुठलंही यंत्र लागत नाही. ट्यूब उजेडासमोर धरून हलकेच कलती करायची. प्लेटलेट चपट्या आणि धडधाकट असतील तर द्रवात रेशमासारखी लहर चमकत फिरते. लहर दिसत नसेल, नुसतं गढूळ दिसत असेल, तर चकत्यांचे गोळे झाले आहेत. डोळ्यांना कण दिसत असतील तर गुठळ्या झाल्या आहेत. पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवूनही त्या सुटल्या नाहीत, तर ते द्रावण रुग्णाला द्यायचं नाही. गुठळ्या फुप्फुसात अडकतात आणि पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात.

आता इंडियम-ऑक्झिन थेंबाथेंबानं घालायचं आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं. प्लाझ्मा आधी का काढला ते इथे कळतं. प्लाझ्मातलं ट्रान्सफेरिन हे लोह वाहणारं प्रथिन इंडियमला प्लेटलेटपेक्षा आधी पकडतं. काम झाल्यावर मात्र तेच उपयोगी पडतं: बाजूला ठेवलेला रुग्णाचा प्लाझ्मा परत घातला की त्यातलं ट्रान्सफेरिन मोकळं राहिलेलं इंडियम टिपून घेतं. पुन्हा सेंट्रिफ्यूज करून वरचा भाग काढला की सुटं इंडियम त्याच्यासोबत जातं. गोळीतलं आणि वरच्या द्रवातलं इंडियम वेगवेगळं मोजून खूण किती बसली ते काढतात. ७० ते ९० टक्के बसली तर काम नीट झालं. फार कमी बसली तर बहुधा प्लाझ्मा उरला होता किंवा प्लेटलेटच थोड्या होत्या. हिशेब सोपा आहे. अडीच लाख प्लेटलेट असलेल्या माणसाच्या ४३ मिलि रक्तात सुमारे १,०७५ कोटी प्लेटलेट असतात. २०,००० असलेल्याच्या तेवढ्याच रक्तात फक्त ८६ कोटी. म्हणून आकडा फार कमी असेल तर रक्त १०० मिलिपर्यंत घ्यावं लागतं.

पद्धतीच्या कागदावर ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ २० ते २४ अंश. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना नागपुरातली वातानुकूलन नसलेली खोली त्या व्याख्येत बसत नाही, आणि सेंट्रिफ्यूजचा डबा चालून चालून स्वतःही तापतो. त्यामुळे एसी आधीच सुरू करून यंत्र, द्रावणं, ट्यूब सगळं २२ अंशांवर आणून मगच रक्त काढावं. उलट, घाबरून फ्रिजमधलं गार सलाइन वापरणं तितकंच घातक. थंडीनं प्लेटलेटचा आकार बदलतो. इंडियमची कुपीही वेळेत यायला हवी. ते सायक्लोट्रॉनमध्ये बनतं आणि दिवसाला सुमारे २२ टक्के घटतं. कुपी दोन दिवस कुठे अडकली तर जवळपास ४० टक्के गेलंच म्हणून समजायचं.

आणि एक नियम ज्यात सवलत नाही: एका वेळी, एका टेबलावर, एकाच रुग्णाचं रक्त. प्रत्येक ट्यूबवर नाव आणि क्रमांक. रक्त परत शरीरात जाणार असतं.

मोजणी

सिरिंज भरून वजन करायची, इंजेक्शननंतर रिकामी वजन करायची. फरकावरून नेमकं किती गेलं ते कळतं. नुसतं आयुष्य मोजायचं तर २ ते ४ मेगाबेकरेल (हे किरणोत्साराचं एकक) पुरतात, कॅमेऱ्यावर चित्रं हवी असतील तर थोडं जास्त. त्याच द्रावणाचा एक छोटा भाग ‘स्टँडर्ड’ म्हणून राखून ठेवतात.

मग रक्ताचे नमुने: साधारण ४५ मिनिटं, दोन, तीन आणि चार तासांनी, आणि पुढे रोज एक, आठ ते दहा दिवस. आयुष्य फार कमी असण्याची शंका असेल तर पहिल्याच दिवशी जास्त नमुने घ्यावे लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोजायला काही उरतच नाही. सगळे नमुने जपून ठेवून शेवटी स्टँडर्डसह एकाच बैठकीत गॅमा काउंटरमध्ये मोजतात. किरणोत्सार दोघांतही सारखाच घटलेला असतो, त्यामुळे त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. प्रत्येक नमुन्याचा प्लाझ्माही स्वतंत्र मोजतात, म्हणजे प्लेटलेटमधून सुटलेलं इंडियम हिशेबात मिसळत नाही.

यातून दोन गोष्टी हाती येतात. पहिली ‘रिकव्हरी’: दिलेल्या प्लेटलेटपैकी किती टक्के रक्तात फिरताना सापडल्या. निरोगी माणसात ६० ते ७५ टक्के, बाकीच्या प्लीहेत. प्लीहा काढलेल्या माणसात ही ९० च्या पुढे जाते. खूप वाढलेल्या प्लीहेत ती २०-३० टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली येते. दुसरी गोष्ट आयुष्य, आणि त्यात आलेखाचा आकार आकड्याइतकाच बोलका. निरोगी माणसात रेषा जवळपास सरळ उतरते, कारण प्लेटलेट म्हाताऱ्या होऊन मरतात आणि रोज साधारण सारख्याच संपतात. प्रतिपिंडं त्यांना मारत असतील तर ती वय पाहत नाहीत; कालची आणि आठ दिवसांपूर्वीची दोघीही मरतात. मग रेषा सुरुवातीला धाडकन आणि नंतर हळूहळू अशी वक्र उतरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोज किती प्लेटलेट बनतात हे काढायचं सूत्र असं: प्लेटलेटचा आकडा भागिले आयुष्याचे दिवस, आणि त्याला रिकव्हरीच्या अपूर्णांकानं भागायचं. निरोगी माणसाचे अडीच लाख, नऊ दिवस आणि ०.६६ घातले तर दर मायक्रोलिटरमागे रोज सुमारे ४२,००० येतात. समजा तिघांचा सीबीसी सारखाच आहे, ४०,०००. पहिल्याचं आयुष्य दीड दिवस, रिकव्हरी ६० टक्के: उत्पादन ४४,०००. दुसऱ्याचं आयुष्य सात दिवस, रिकव्हरी १५ टक्के: उत्पादन ३८,०००. तिसऱ्याचं आयुष्य पाच दिवस, रिकव्हरी ६५ टक्के: उत्पादन १२,०००. पहिल्याच्या प्लेटलेट मारल्या जाताहेत, दुसऱ्याच्या प्लीहेत अडकल्या आहेत, तिसऱ्याची मज्जाच थकली आहे. तिसऱ्याचं आयुष्य नऊऐवजी पाच दिवसच का, असं विचाराल तर रक्तवाहिन्यांच्या अस्तराची डागडुजी करण्यात रोज ठरावीक प्लेटलेट खर्च होतात. हॅन्सन आणि स्लिक्टर यांनी १९८५ मध्ये तो खर्च दर मायक्रोलिटरमागे रोज सुमारे ७,१०० असा काढला. साठाच लहान असेल तर तेवढा खर्चही आयुष्यात जाणवतो.

या हिशेबानं काय बदललं

आयटीपी या आजारात शरीर स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. क्रोमियमच्या काळात, दात्यांच्या प्लेटलेट वापरून, असं दिसलं की त्या काही तासांतच संपतात. म्हणजे मज्जा कितीतरी पट जास्त उत्पादन करत असणार, असा अर्थ लावला गेला. १९८६-८७ मध्ये हेन्स आणि बॅलेम यांच्या गटांनी रुग्णाच्याच प्लेटलेटना इंडियमची खूण लावली, तेव्हा त्या दात्याच्या प्लेटलेटपेक्षा जास्त जगताना दिसल्या. सूत्रात जास्त दिवस घातले की उत्पादन कमी निघतं. पुष्कळ रुग्णांत ते साधारण होतं, काहींत तर कमी. मज्जाही मागे पडते आहे हे मान्य झालं, तेव्हाच ती चाळवणाऱ्या औषधांचा विचार आयटीपीत अर्थपूर्ण ठरला. रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग ही तशी औषधं अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झाली.

आयटीपीत प्लीहा काढण्याआधीही ही तपासणी काही केंद्रांत करतात. गॅमा कॅमेऱ्याखाली हृदय, यकृत आणि प्लीहेवरचा किरणोत्सार रोज मोजून प्लेटलेट मुख्यतः कुठे मरताहेत ते पाहतात. प्लीहेतच मरत असतील तर शस्त्रक्रियेला यश येण्याची शक्यता जास्त. यकृतात मरत असतील तर कमी. एवढ्या एका चित्रावर शस्त्रक्रिया नाकारू नये. पण प्लीहा गेली की ती परत येत नाही, जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर राहतो. यकृताकडे बोट दाखवणारं चित्र समोर असेल तर औषधांचे उरलेले पर्याय आधी वापरावेत.

रक्तपेढीत मात्र या खुणेचा परिणाम रोज डोळ्यांसमोर असतो. प्लेटलेटच्या पिशव्या फ्रिजमध्ये न ठेवता २० ते २४ अंशांवर, हलणाऱ्या फळीवर का ठेवतात? १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर यांनी साठवलेल्या प्लेटलेटना क्रोमियमची खूण लावून माणसांत सोडलं. थंडीत ठेवलेल्या प्लेटलेट रक्तातून फार लवकर नाहीशा झाल्या; खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या टिकल्या. नातेवाईकांनी पिशवी बर्फाच्या डब्यात घालून आणू नये, ती यासाठी. आजही साठवणीची नवी पिशवी पारखताना एकाच निरोगी स्वयंसेवकाच्या साठवलेल्या प्लेटलेटला एक खूण आणि ताज्या प्लेटलेटला दुसरी लावून दोन्ही एकदम सोडतात. एकीला इंडियम, दुसरीला क्रोमियम. इंडियमचा संकेत क्रोमियमच्या मोजणीत घुसतो, म्हणून नमुने चार आठवड्यांनी पुन्हा मोजतात. तोवर इंडियम हजारांशावर आलेलं असतं आणि क्रोमियम अजून निम्मं शिल्लक असतं. अमेरिकी नियामकांचा निकष असा, की साठवलेल्यांची रिकव्हरी ताज्यांच्या किमान ६६ टक्के आणि आयुष्य किमान ५८ टक्के हवं.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल एक गोष्ट. या आजारात प्लीहेचा रक्तपुरवठा पुन्हा पुन्हा तुटून ती मोठेपणी बहुधा आक्रसून निकामी होते. तिथे थांबणारा एक तृतीयांश साठा मग रक्तातच राहतो. अशा रुग्णाचा प्लेटलेटचा आकडा जरा जास्त आला तर त्यात हे एक कारण असतं.

किरणांचा प्रश्न सगळे विचारतात, आणि विचारायलाच हवा. ३.७ मेगाबेकरेल इंडियममधून संपूर्ण शरीराला साधारण दीड मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते; निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. सर्वांत जास्त भार प्लीहेवर पडतो, कारण प्लेटलेट तिथे जमतात: दर मेगाबेकरेलमागे सुमारे सात मिलिग्रे. म्हणून मात्रा गरजेपुरतीच ठेवतात, आणि गरोदरपणात ही तपासणी टाळतात. किरणोत्सार नको असेल तर संशोधनात बायोटिन या जीवनसत्त्वाची खूण लावतात. त्यात आयुष्य मोजता येतं, पण प्लेटलेट कोणत्या अवयवात गेल्या ते दिसत नाही.

ही रोजच्या यादीतली तपासणी नाही. इंडियम मागणी नोंदवून मागवावं लागतं आणि न्यूक्लिअर मेडिसिन विभागाकडे अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो. रुग्णानं करायची तयारी तशी थोडीच, पण तीच चुकते. नुकत्याच प्लेटलेट चढवल्या असतील तर सांगावं. दात्याच्या आणि स्वतःच्या मिसळल्या की निकाल कोणाचा ते कळत नाही. मोजणीच्या दहा दिवसांत स्टेरॉइडचा डोस मनानं वाढवू किंवा कमी करू नये, कारण आलेख मध्येच वाकला तर तो आजारानं वाकला की औषधानं, हे सांगता येत नाही. आणि गडचिरोली, चंद्रपूर किंवा भंडाऱ्याहून येणाऱ्यांनी दहा दिवस नागपुरातच मुक्कामाची सोय करावी. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा नमुना चुकला तर रेषा सरळ होती की वक्र, हेच ठरवता येत नाही.